शिवी, वक्ता आणि लक्ष्य : नांदेड-लातूरच्या बोलीच्या निमित्ताने

मराठी कोशकारांनी शिव्यांना कोशाबाहेर ठेवले नाही, ही गोष्ट त्यांच्या शास्त्रबुद्धीला शोभणारी आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) 'रांड' या शब्दाचा विधवा हा अर्थ आणि त्याचा शिवी म्हणून होणारा उपयोग, दोन्ही नोंदलेले आहेत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही (१९३२–१९३८) अशा शब्दांचा संग्रह विपुल आहे. परंतु शब्दापुढे 'शिवी' असा शेरा मारला म्हणजे त्याचा अर्थ सांगून झाला, असे मानता येत नाही. शिवी ही केवळ संज्ञा नव्हे, ती क्रिया आहे. ती कोणी केली, कोणावर केली आणि कोणाच्या देखत केली, हे समजल्यावाचून तिचा अर्थ हाती लागत नाही. 'स्त्रियांच्या तोंडी' असा शेरा कोठे आढळला तरी तो वक्त्यापुरता असतो. लक्ष्य स्त्री की पुरुष, याची दखल त्यात नसते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बोलीत 'रांड' या एका शब्दाचा व्यवहार पाहिला तरी प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल. खेड्यातून 'रंडकी', 'रांडमुंड' ही रूपे विधवेचे साधे वर्णन म्हणूनही वापरली जातात. वर्णन कोठे संपते आणि शिवी कोठे सुरू होते, हे सांगणे तेथे कठीण होते. पुरुषाच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. 'विधुर' हा ग्रंथातला शब्द. 'बिजवर' म्हटल्याने फार तर सोयरिकीच्या बाजारात भाव थोडा उतरतो. बायको मेली या घटनेतून मराठीने पुरुषासाठी एकही शिवी घडविली नाही. उलट स्त्रीच्या बाबतीत नवरा मरणे आणि वेश्या असणे या दोन असंबद्ध गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. जिला धनी नाही ती सर्वांची, हे गृहीत त्या शब्दाच्या पोटात दडलेले आहे.

आता हाच शब्द निरनिराळ्या तोंडून ऐकावा. म्हातारी आजी नातीला 'अगं रांडे, जेवलीस का?' असे विचारते तेव्हा नातीला त्यात मायाच ऐकू येते. सासूने सुनेला तोच शब्द उच्चारला की तो भांडणाचा आरंभ ठरतो. आणि दिराने विधवा भावजयीला उच्चारला, तर त्यात धमकी असते. पुरुषाच्या तोंडून स्त्रीसाठी या शब्दाचा मायेचा उपयोग जवळजवळ नाहीच. मात्र पुरुष पुरुषाला 'रांडेच्या, होतास कुठं इतके दिवस?' असे म्हणून मिठी मारू शकतो. या मिठीची किंमत जिच्या नावावर पडते ती आई तेथे हजर नसते.

पुरुषाला लागणाऱ्या शिव्यांचे बारकाईने अवलोकन केले, तर बहुतेकींत पुरुष स्वतः सापडतच नाही. 'रांडेचा', 'बटकीचा' यांत त्याची आई आहे; 'भाड्या'त बाजारात बसविलेली बाई आहे. पश्चिम महाराष्ट्रात 'च्यायला' आणि मराठवाड्यात 'मायला' हे उद्गार तर इतके रुळले आहेत की क्रियापद गळून केवळ 'आईला' एवढेच उरले, आणि पाऊस चांगला झाला तरी पुरुष 'मायला!' म्हणून आनंद व्यक्त करतो. स्त्रीने हा उद्गार काढला तर मात्र आसपासची माणसे दचकतात.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाचे शीर्षक या दृष्टीने फार बोलके आहे. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचे ते हिणकस, म्हणून अनौरस संततीस हे नाव. सोलापूर जिल्ह्यातील हा अनुभव लातूरकरास परका वाटू नये. शिवी मुलाला चिकटली, वजन आईचे कमी ठरविले गेले, आणि ज्याच्या पाटीलकीमुळे हे घडले त्या बापासाठी भाषेजवळ शब्दच नव्हता. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' (१९८७) हे नावही असेच शिवीवजा शब्दातून घेतले. तेथे कलंक संपूर्ण जमातीवर आहे. जातीचा कलंक आणि स्त्रीचा कलंक 'अक्करमाशी'त एकत्र येतात, हा त्या शब्दाचा विशेष होय.

ज्या शिव्यांत पुरुष स्वतः लक्ष्य होतो त्यांत तो 'बायल्या', 'बाईलबुद्ध्या' असतो, म्हणजे तेथेही स्त्रीच मापदंड. 'बांगड्या भर' या टोमण्याचा विचार या ठिकाणी अवश्य करावा. स्त्रीच्या हातातील बांगडी हे सौभाग्य. नवरा वारला की ती फोडली जाते आणि ते तिचे दुर्दैव. पुरुषाच्या हातात तीच बांगडी घालणे म्हणजे त्याची बेअब्रू. सरकारी अधिकाऱ्यास बांगड्यांचा आहेर देण्याची रीत महाराष्ट्रभर आहे आणि स्त्रियांचे मोर्चेही ती हौसेने पाळतात. स्वतःच्या सौभाग्यचिन्हाला दुबळेपणाची खूण ठरवून ते दुसऱ्याच्या अंगावर फेकणे, ही विसंगती मोर्चातील कोणालाच खटकू नये, हे नवल आहे! तथापि पुरुषाला या शिवीतून परतीची वाट असते. हात उगारला की तो पुन्हा 'मर्द' ठरतो. 'पांढऱ्या पायाची' ठरलेल्या बाईने काय केले असता तिचे पाय काळे होतील?

स्त्रियांची स्वतःची शिवी निराळी आहे. 'मेल्या', 'मुडद्या', 'तुझं मढं निघो' हा तिचा साठा मरणाचा आहे. जिच्या हाती काठी नाही ती शाप देते, हे स्वाभाविकच. परंतु नवऱ्याला 'मेल्या' म्हणणारी बाई स्वतःच्याच वैधव्याची भाषा बोलत असते. म्हणूनच की काय, हा शब्द लाडिकपणाकडे झुकला.

देवतांच्या नावांचाही असाच उपयोग झालेला आहे. तुळजापूरची भवानी ही या भागातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. पण घराबाहेर फिरणारी पोर 'भटकभवानी' ठरते. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाचे भाग्य लिहिणारी सटवाई आदराने पुजली जाते. तिच्यावरून 'सटवी' ही शिवी झाली. पुरुष 'म्हसोबा' होतो तो ठोंबेपणामुळे, 'कुंभकर्ण' होतो तो झोपेमुळे. देवाचे नाव पुरुषाच्या सवयीला लागते. देवीचे नाव स्त्रीच्या स्वैरतेला, किंबहुना ती कोणाच्या आज्ञेत नाही या एकाच गोष्टीला.

यावर एक आक्षेप संभवतो. शिव्या वापरून झिजतात, त्यांचा मूळ अर्थ कोणाच्या मनात नसतो, असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. 'रांडेच्या' हा शब्द मित्रांच्या गप्पांत झिजला. पण ज्या घरातील कर्ता पुरुष कर्जापायी जीव देऊन गेला त्या घरातील बाईला कोणी 'रांडे' म्हणावे, की शब्दाची सारी धार जागच्या जागी असल्याचे दिसून येते. झीज ही वापरणाऱ्याच्या बाजूने होते, सोसणाऱ्याच्या बाजूने नव्हे. कायद्याची विभागणीही येथे विचारात घेण्यासारखी आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या उद्देशाने काढलेले शब्द पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ५०९ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतात. दोन पुरुषांच्या भांडणात आईवरून दिलेली शिवी मात्र शांतताभंगास चिथावणी म्हणून (आता कलम ३५२) पाहिली जाते. अपमान मुलाचा झाला असे धरले जाते.

ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) बुलढाण्याहून लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून. एकाच दोषाला स्त्रीच्या बाबतीत एक नाव आणि पुरुषाच्या बाबतीत दुसरे का, हा त्यांचा प्रश्न नीतीचा तसा शब्दार्थाचाही आहे. त्यांची स्वतःची भाषाही सोवळी नाही. त्या शिव्यांची दिशा उलटवितात. त्यांच्या सुमारे सहा शतके आधी गंगाखेडच्या जनाबाईने याहून धाडसी गोष्ट केली. तिच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात ती लोकांनी उच्चारण्याआधीच स्वतःला वेश्या म्हणवून घेते आणि देवाच्या दारी जाते. त्या पदात शिवी लाजेतून सुटण्याचे साधन झाली आहे. पुरुष संतांनीही स्वतःला हीन म्हटले. परंतु त्या हीनतेने त्यांची घरी परतण्याची वाट बंद होत नव्हती.

शिवी टाळून सन्मानाचा शब्द शोधला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला व शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द योजावा, अशी सूचना महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आली आणि तिच्यावर सर्वत्र टीका झाली. जुन्या पत्रांच्या मायन्यातील 'गं. भा.' तो हाच. 'सौ.' आणि 'गं. भा.' या दोहोंत नवरा आहे की नाही याचीच नोंद असते. लग्नाआधीचा पुरुष 'चि.', नंतर 'श्री.', आणि बायको वारल्यावरही 'श्री.'च राहतो.