दार असलेलं घर

अनुराग कश्यपच्या 'रमण राघव २.०' (२०१६) मध्ये खुनी कोण, हे कोडं नाहीच. रमन्ना आपल्या पायांनी पोलिसांकडे येतो, नऊ खून केले म्हणून सांगतो आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पोलीस त्याला एका पडक्या इमारतीत डांबतात, तो निसटतो. रहस्य असं पहिल्याच प्रकरणात उधळून दिल्यावरही सिनेमा छातीवर बसतो.

सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं की ही खऱ्या रमण राघवची गोष्ट नव्हे. ती श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन केली होती. पण खऱ्या माणसाची सावली इथेही आहेच. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत तो झोपड्यांत, उघड्यावर निजलेल्यांची डोकी फोडत होता. तपास रमाकांत कुलकर्णींकडे होता. ऑगस्टमध्ये फौजदार अ‍ॅलेक्स फियालोंनी त्याला ओळखून पकडलं. कोंबडीचं जेवण मिळेपर्यंत तो तोंड उघडेना. सुरतजवळच्या कामरेजला महामार्गाच्या कडेला रात्री पाठ टेकलेले मजूर पाहिले की मला ते बळी आठवतात. त्यांच्या झोपेला दार नव्हतं.

बहिणीच्या प्रसंगात कश्यप दार असलेलं घर निवडतो. अनेक वर्षांनी रमन्ना लक्ष्मीकडे येतो. घरात नवरा आहे, लहान मुलगा आहे. अमृता सुभाषने इथे जे केलंय ते पुन्हा पुन्हा पाहावं. आदल्याच वर्षी 'किल्ला'त तिने मनातलं दुःख मुलासमोर आवरून धरणारी आई उभी केली होती. इथे तोच संयम दहशतीतून येतो. नवऱ्याला जे ठाऊक नाही ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे. ती किंचाळत नाही. नेहमीच्या स्वरात बोलत राहते, कारण स्वर बदलला तर सगळं संपेल. रमन्ना झालेला नवाजुद्दीन सिद्दीकीही आवाज चढवत नाही. माहेरच्या माणसासारखा हक्काने वावरतो, त्यानेच अंगावर काटा येतो. रक्तापेक्षा हा हक्क भयंकर आहे. इतरत्र फरशीवरून फरफटणाऱ्या लोखंडी पान्याचा खरखराट ऐकू येतो, तेव्हाही मला याच घराची आठवण होते.

विकी कौशलचा राघवन, नशेत बुडालेला पोलीस, त्यामानाने कमी पकडतो. काळा चष्मा, क्लब, भपका, यांत माणूस हरवतो. सिमीला, म्हणजे शोभिता धुलिपालाला, पटकथेने न्याय दिलेला नाही. पण शिकाऱ्याने सावजात आपला जोडीदार पाहावा, ही कल्पना अस्सल आहे. राघवनच्या हातून झालेला खून रमन्नाने चोरून पाहिलेला असतो, आणि तेव्हापासून पाठलाग उलटा सुरू होतो. शेवटी रमन्ना हे सगळं बोलून दाखवतो तिथे मला लेखकांचा राग येतो. नवाजुद्दीनची नजर ते आधीच सांगून गेलेली असते.