‘स्वमग्न’ या शब्दाची मर्यादा

‘स्व’वाचक ग्रीक शब्दावरून ब्लॉयलर यांनी घडविलेली ‘ऑटिझम’ ही संज्ञा १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांच्या वर्णनासाठी योजिली. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष असला, तरी अर्थाच्या दृष्टीने त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे.

‘मग्न’ म्हटले की बाहेरचे काही न ऐकणारा जीव डोळ्यांपुढे उभा राहतो. हाकेला वळून न पाहणारे मूल या चित्रात बसते. परंतु तेच मूल कुकरच्या शिट्टीने कान का झाकते? कॅनर यांच्या लेखातही दोन्ही गोष्टी नमूद आहेत : काही मुले बहिरी असावीत ही शंका, आणि मोठ्या आवाजांचे भय. २०१३ च्या अमेरिकन निदानसंहितेने तर संवेदनांना मिळणारा अधिक वा उणा प्रतिसाद निकषांतच समाविष्ट केला.

परिचित उदाहरण घ्यावयाचे तर आसनगाव स्थानकाचे घेता येईल. लोकलचा भोंगा, उद्घोषणा, गर्दीचा कोलाहल यांतून आपण आईची हाक वेगळी काढतो. अशा अनेक मुलांना ही निवड कठीण जाते. म्हणजे मूल आत बुडालेले नसून बाहेरच्या ध्वनींनी वेढलेले असू शकते. मग ‘लक्ष देत नाही’ असे मानून शिक्षक आवाज चढवितात, आणि त्रास वाढतो. श्रवणचाचणी आधी व्हावी, हे खरेच. परंतु ती निर्दोष आली म्हणजे ध्वनी सुसह्य आहेत, असे ठरत नाही.

शब्द रूढ आहे, तो राहील. त्यावरून मुलाविषयी निष्कर्ष काढू नये, इतकेच.