सच्चेपणाची घडण

यूट्यूबवरील व्हिडिओकारांच्या ठायी जो सच्चेपणा जाणवतो तो स्वभावाचा की रचनेचा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. ही मांडणीच सदोष आहे. ना. सी. फडके यांनी आपल्या लघुनिबंधांना 'गुजगोष्टी' म्हटले, तेव्हाही ते गूज छापून सहस्रावधी अपरिचितांच्या हाती पडत होते. तरी वाचकाला ते आपल्यापुरतेच वाटले. हा कलेचाच व्यापार होय. सच्चेपणा घडविलेला असतोच. तो कशातून घडविला, हे पाहणे समीक्षेचे काम.

या दृष्टीने पाककृतींच्या दोन वाहिन्यांची नावे पाहण्याजोगी आहेत. 'गावरान एक खरी चव' हे नाव खरेपणाची ग्वाही देते. 'आपली आजी' हे नाव मात्र नाते जोडते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची ही वाहिनी 2020 साली घरोघर पोहोचली. चित्रण नातवाचे, त्याने वास्तविक 'माझी आजी' म्हणावयाचे. त्याजागी 'आपली' येताच पाहणारा प्रत्येकजण नातवंडांच्या पंगतीत जाऊन बसतो. कॅमेऱ्यामागे निवड आणि काटछाट असणारच. परंतु या एका शब्दाने तिचा विसर पडतो.

या किमयेचे मूळ भाषेच्या व्याकरणात आहे. मराठीतील 'आम्ही' श्रोत्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. प्रमाण हिंदीतील 'हम'ला दोन्ही अर्थांचा भार वाहावा लागतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिलेल्या बालाघाटात शाळा-कचेरीची भाषा हिंदी. तेथील मराठी मुलांच्या कानी हा भेद घराबाहेर पडतो तो बहुधा अशा व्हिडिओंतूनच. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु येथेच एक शंका उद्भवते. या 'आपण'मध्ये वैनगंगेकाठची, पोवारी आणि हिंदी यांच्या शेजारात वाढलेली मराठी कितपत येते? ऐकणाऱ्यांत तिला स्थान आहे. बोलणाऱ्यांत ती अभावानेच आढळते. नगरची वा कोकणची बोली तेवढी अस्सल, असा ग्रह दृढ झाला, तर येथील विद्यार्थी स्वतःच्या घरची भाषा भेसळीची मानू लागेल. म्हणून अध्यापकांनी वर्गात असे चित्रण दाखविताना ते खरे की खोटे एवढेच विचारून थांबू नये. त्यातील 'आपण' कोणाकोणाला धरून आहे, हे विद्यार्थ्यांना शोधावयास लावावे, आणि तोच प्रसंग त्यांच्याकडून त्यांच्या घरच्या बोलीत सांगवून घ्यावा.