वरुणराजाची मंडळी

नामपूरच्या माणसाने समुद्राविषयी बोलू नये, असा एक समज आहे. आमच्याकडे कांदा आहे, डाळिंब आहे, मोसम नदी आहे. समुद्र तेवढा नाही. पण पाऊस लांबला की वरुणराजाची आठवण आमच्याइतकी कोणाला येत असेल? आणि वरुण तर समुद्राचाही धनी. तेव्हा त्याच्या घरात डोकावण्याचा थोडा हक्क आम्हालाही आहे. डोकावल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हा, की राजा आहे, मग राणी कुठे आहे?

आधी शेजारी चौकशी केली. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. त्याच्या मंडळींचं नाव अँफिट्रायटी. नीरियस नावाच्या म्हाताऱ्या समुद्रदेवाच्या ५० मुलींपैकी ही एक. (पन्नास! बापाने स्थळं कशी शोधली असतील, या काळजीने मराठी वाचक इथेच अडतो.) पोसायडनने मागणी घातली आणि ही पोरगी चक्क पळाली, थेट पृथ्वीच्या टोकाला, ॲटलासकडे. मग पोसायडनने डॉल्फिनला मध्यस्थ म्हणून धाडलं. त्याने तिची समजूत घातली, ती परत आली, लग्न लागलं.

माझी तक्रार इथून सुरू होते. ती आधी नाही का म्हणाली आणि मग हो का म्हणाली, यातच तर सगळी गोष्ट आहे! कथेकऱ्यांनी नेमकी तीच टाकून दिली आणि कौतुक केलं ते डॉल्फिनचं. त्याला आकाशात जागा मिळाली; आपण ज्या तारकांना धनिष्ठा म्हणतो, त्यांतच ग्रीकांना तो दिसला. मध्यस्थाला नक्षत्र आणि वधूला संसार. पुढे ती ट्रायटनची आई होते आणि गप्प बसते. होमरच्या ‘ओडिसी’त तर ती निव्वळ लाटांपुरती उरते. नवरा मात्र डिमीटर काय, मेड्यूसा काय, उद्योग करीत हिंडतो आणि कवीही तिथे रंगतात. रोमनांनी नेपच्यूनला सलेशिया नावाची बायको दिली, पण गोष्ट नेसायला दिली ती अँफिट्रायटीचीच जुनी.

खगोलशास्त्रज्ञ तरी न्याय करतील म्हणावं, तर तेही त्यातलेच. नेपच्यून १८४६ साली सापडला. त्याच्याभोवती फिरायला मुलगा ट्रायटन आहे, मेव्हणीच्या नात्याची नीरिड आहे, इतकंच काय, लारिसा ही प्रेयसीसुद्धा आहे. बायको? १८५४ साली सापडलेला २९ नंबरचा लघुग्रह, मंगळ आणि गुरू यांच्या मधे कुठेतरी! सलेशिया २००४ साली सापडली, ती नेपच्यूनच्या पलीकडे. म्हणजे एक अलीकडे, एक पलीकडे, आणि स्वारी मधे मजेत.

आता आपलं घर. वरुणाची बायको वरुणानी. ऋग्वेदात तिला इंद्राणीच्या जोडीने बोलावलं आहे. पाणिनीच्या ज्या सूत्राने ती होते, त्याच सूत्राने भवानी होते आणि मातुलानी, म्हणजे आपली मामीही होते. पैकी भवानी तुळजापुरी पोचली, मामी घरोघरी पोचली. वरुणानी बिचारी सूत्रातच राहिली.

पण ‘अमरकोशा’त समुद्राला एक नाव आहे, सरित्पति. नद्यांचा नवरा. हे मला पटतं, कारण या बायकांना निदान स्वतःचं नाव, गाव आणि रस्ता आहे. त्या हिशेबाने आमची मोसमही समुद्राच्या घरचीच. मात्र तिचं सासरी जाणं सोपं नाही. हरणबारीला धरण. पुढे मालेगावात गिरणेचा हात धरायचा, की पुन्हा गिरणा धरण. तिथून तापी, मग उकाई, आणि मग कुठे सुरतेपलीकडे सासर. अँफिट्रायटीच्या वाटेत एकटा डॉल्फिन होता. हिच्या वाटेत अख्खं पाटबंधारे खातं. उन्हाळी कांद्याला पाणी देताना इथले शेतकरी म्हणतात, “नाही गेली सासरी, तरी चालेल!”