टपालाने आलेली सही

सही मैदानावरही मिळते. वानखेडेच्या गेटवर, बसच्या दारात, गर्दीतून वही पुढे केली की खेळाडू चालता चालता पेन फिरवतो. त्या रेघोट्यांत नाव शोधावं लागतं. निवृत्त खेळाडूने टपालाने पाठवलेली सही वेगळीच असते. ती घरच्या टेबलाशी, चष्मा लावून, निवांत बसून केलेली असते.

अमेरिकेत टपालाने सह्या मागवण्याच्या या छंदासाठी बेसबॉलपटूंची छापील कार्डं असतात. आपल्याकडे तसं कार्ड कुठलं? दादर-गिरगावातल्या शौकिनाला ते घरीच करावं लागे. ‘स्पोर्टस्टार’मधला किंवा संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’मधला फोटो कापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, सहीपुरती जागा मोकळी ठेवायची. सोबत चार ओळींचं पत्र आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीट. उत्तर येतं ते आपल्याच अक्षरातला पत्ता घेऊन. विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात स्वतःचं अक्षर दिसलं की हात आपोआप तिकडे जातो.

माझ्या संग्रहातलं एक कार्ड मुंबईकडून रणजी खेळलेल्या यष्टिरक्षकाचं आहे. नाव इथे घालत नाही. सही निळ्या बॉलपेनची. सुरुवातीला एक कोरडा ओरखडा आहे, गुळगुळीत कागदावर पेन उठलं नाही म्हणून. तिथेच पुन्हा टेकवून त्यांनी आडनाव सलग लिहिलं आहे. शेवटची दोन अक्षरं थरथरली आहेत, तरी खालची रेघ सरळ आहे. कार्ड उजेडात तिरपं धरलं की पेनाने पाडलेली खाच दिसते. छापलेल्या सहीला ती नसते. शाई पुसू नये म्हणून वर पातळ कागदाची घडी ठेवून त्यांनी कार्ड पाठवलं. ती घडीही मी जपून ठेवली आहे, कारण त्या माणसाची रीत सहीइतकीच तिच्यात उतरली आहे.

त्या पिढीच्या सह्या वाचता येतात, याचं कारण मला त्यांच्या नोकऱ्यांत दिसतं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, बापू नाडकर्णी एसीसीत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. सकाळी कचेरी, मग टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेचा सामना. चेक आणि व्हाउचरवर रोज करायची सही उद्या पटली पाहिजे, म्हणून तिला एक ठाम वळण लागलं. अॅडलेडला शेअर दलाली केलेल्या सर डॉन ब्रॅडमन यांची सहीही अशीच स्वच्छ. 99.94 सरासरीचा हा माणूस म्हातारपणीही जगभरच्या पत्रांना उत्तरं देत बसे. 2001 साली ते गेले तेव्हा कितीतरी देशांतल्या घरांत त्यांचं पाकीट जपलेलं होतं.

माझ्या लेखी मात्र मोठ्या नावाची सही आणि मोलाची सही एकच नव्हे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, 1972-73च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर एका डावात 16 धावांत 8 गडी टिपले, पण कसोटी खेळायला मिळाली नाही. मार्च 2025मध्ये ते गेले. अशा खेळाडूची सही लिलावात फार चढत नाही. मी मात्र तिला विश्वचषकविजेत्याच्या सहीच्या वरचं पान देईन, कारण ती मागणारा त्याचा खेळ आठवून मागतो.

मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या चिखलात उमेदीची वर्षं घालवलेले कितीतरी खेळाडू आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना लिहा. कुठला सामना पाहिलात ते दोन ओळींत सांगा, कार्ड एकच पाठवा, आणि परतीच्या पाकिटावर पुरेसं तिकीट लावा.