पडदा बरा, की मूल बरं?

2011 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये होबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग झालेली 6 ते 23 महिन्यांची 291 मुलं. काहींना दहा दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट, बाकीच्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत उपचार फसले अनुक्रमे 16 आणि 51 टक्के मुलांत. हे ऐकलं की वाटतं, आता वाद कसला?

पण ‘फसले’ म्हणजे काय, ते आपण नीट वाचूया. मुलाचा त्रास संपला, पण कानाचा पडदा अजून फुगलेला दिसला, तरी ते अपयशच धरलंय. आता नुसता त्रास बघा. सातव्या दिवसापर्यंत तो थांबल्याची पहिली नोंद 80 आणि 74 टक्के मुलांत झाली. सलग दोनदा नोंद 67 आणि 53 टक्क्यांत. फरक आहे, पण पहिल्या जोडीएवढा नाही. शिवाय औषध घेतलेल्यांना जुलाब जास्त झाले.

निदानाचे निकष कडक होते, ही या अभ्यासाची ताकद. म्हणूनच त्याचा निष्कर्ष प्रत्येक कानदुखीला चिकटवता येत नाही. दोन वर्षांखालचं मूल आणि निदान पक्कं असेल, तर अँटिबायोटिकची बाजू भक्कम आहे. तरीही रात्रभर जागलेल्या आईला आपण पहिलेच दोन आकडे सांगितले, तर अर्धंच सांगितलं. ती मुलाबद्दल विचारतेय, पडद्याबद्दल नाही.