पोहणे सुटले, सूर राहिला

रॉबर्ट रेडफोर्ड यांचा 'ऑर्डिनरी पीपल' (१९८०) आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. ज्युडिथ गेस्ट यांच्या १९७६ च्या कादंबरीवर तो बेतला आहे. त्याला चार ऑस्कर मिळाली. ती वाजवीच होती. पण या खेपेस आमचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी खिळले.

मिशिगन सरोवरात वादळात नाव उलटते. थोरला भाऊ बक बुडतो, नावेला धरून राहिलेला कॉनराड वाचतो. वाचल्याचा अपराध त्याला सोसवत नाही. तो जीव द्यायला जातो, चार महिने इस्पितळात काढतो. परत आल्यावर शाळेच्या पोहण्याच्या संघात जातो खरा, पण तिथे प्रशिक्षक सर्वांदेखत काय विचारतात, तर 'विजेचे झटके दिले का?' संघातले मित्र बकचेही मित्र. आणि पाणी तर पाणीच! ज्याने भाऊ नेला त्यातच रोज उडी घ्यायची आणि घड्याळाशी स्पर्धा करायची, ही अपेक्षा किती क्रूर आहे, हे दिग्दर्शक एका शब्दाने बोलून दाखवत नाही.

कॉनराड पोहणे सोडतो. घरी सांगत नाही. आईला ते परक्या बाईकडून कळते, आणि मुलाच्या दुःखापेक्षा आपली फजिती तिला अधिक बोचते. 'सब्र कर' म्हणत घरातले रडणे दाबणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत. त्या आईला परकी म्हणणे आम्हास जमले नाही.

गाणे मात्र सुटत नाही. शाळेच्या वृंदगानात तो अनेकांतला एक आवाज असतो. तिथे पहिला-दुसरा नाही, बकची ढाल-चषके नाहीत. समोरच्या रांगेतली जेनीन त्याच्या आवाजाची तारीफ करते, तेव्हा टिमथी हटनच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते डॉक्टरांच्या खोलीतल्या लांबलचक प्रवेशांहून आम्हाला मोलाचे वाटले.

तक्रार इथेच आहे. पटकथा हा धागा उत्तरार्धात सैल सोडते. सारा भार डॉक्टर बर्गरवर पडतो, अश्रूंचा बांध फुटतो आणि गुंता जरा जास्तच सफाईने सुटतो. गाण्याने त्या मुलाचे पुढे काय केले, हे पाहण्याची आमची भूक तशीच राहिली. शेवटी आई घर सोडून जाते. पहाटेच्या गारठ्यात बापलेक अंगणात एकमेकांना बिलगून बसतात. तो प्रवेश मात्र आम्ही दोनदा पाहिला.